हापसा आणि खड्डा: एका वस्तीच्या पाण्याच्या नोंदी

४ फेब्रुवारी

पहाटे पाचला वस्तीवर पोहोचले तेव्हा हापशापाशी अकरा कळश्या रांगेत होत्या. माणसं सातच, उरलेल्या कळश्या आपापल्या मालकिणीची जागा धरून बसलेल्या. ४६ घरं, सगळी उतारावर. मधोमध हापसा, त्याच्या वरच्या अंगाला नऊ घरं, बाकीची खाली. दुसरा स्रोत म्हणजे पायथ्याचा ओढा, आणि त्यातही आता डबकीच उरलीत.

आमच्या वाट्याचं काम: हापशाची दुरुस्ती, पाण्याची तपासणी आणि वस्तीची स्वतःची पाणी समिती उभी करणं. शौचालयांचं काम वेगळ्या निधीतून आहे, ते दुसरा सहकारी बघतो आणि त्याची वही वेगळी आहे.

आज फक्त वेळ मोजला. तिघींबरोबर घरातून निघून घरी परत येईपर्यंत चालले. वरच्या घरातलीला २५ मिनिटं लागली, मधल्या घरातलीला ४०, सगळ्यात खालच्या घरातलीला तासाहून दहा मिनिटं जास्त, कारण भरलेला हंडा घेऊन ती दोनदा थांबली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगभरची जी मोजणी करतात, तिच्यात जाऊन-येऊन, रांगेसकट ३० मिनिटांच्या आत पाणी मिळालं तरच त्या घराला ‘मूलभूत’ सेवा आहे असं धरतात. म्हणजे हापसा एकच, पण या तिघींपैकी एकीच्याच घरी सेवा पोहोचलेली आहे. आपत्तीच्या वेळी पाळायच्या स्फिअर निकषांत एका हापशावर जास्तीत जास्त ५०० माणसं असं बसवलेलं आहे. इथे माणसं त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत. तरी रांग आहे, कारण हापसा नीट चालत नाही.

९ फेब्रुवारी

हापसा उघडला. त्याआधी गळतीची चाचणी घेतली: पाण्याची धार लागेपर्यंत हापसायचं, अर्धा तास हात लावायचा नाही, मग पुन्हा हापसताना पाणी यायला किती हापसे लागतात ते मोजायचे. पाचांपर्यंत ठीक. इथे एकवीस लागले. म्हणजे उभ्या पाइपातलं पाणी खाली उतरून जात होतं. तळाचा व्हॉल्व्ह गळत होता आणि सिलिंडरमधले वायसर झिजून कागदासारखे झाले होते. दोन्ही बदलले, साखळीला ग्रीस दिलं. आता चार हापशांत पाणी येतं.

पाइप वर ओढताना एक ताई पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होत्या. शेवटचा जोड त्यांनी स्वतः पाना घेऊन आवळला आणि विचारलं, “हा वायसर परत कधी जाईल?” गेली कित्येक वर्षं हापसा बिघडला की बाहेरच्या माणसाची वाट बघायची, एवढंच इथल्या लोकांना माहीत आहे. हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्याकडेच पाना असायला हवा. समितीत त्यांचं नाव सर्वात आधी लिहिलं.

१६ फेब्रुवारी

प्रयोगशाळेचे अहवाल आले. जंतूंची तपासणी आम्ही इथेच करणार आहोत, पण रसायनांची बाहेरूनच करून घ्यावी लागते आणि ती केल्याशिवाय पाणी प्यायला चांगलं आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून हगवणीपासून मुलं वाचावीत म्हणून लाखो कूपनलिका खणल्या. हेतू चांगला होता आणि जंतूंच्या बाबतीत ते पाणी खरंच बरं होतं. पण त्यात आर्सेनिक होतं आणि ते १९९३ मध्ये ध्यानात आलं. नंतर हापसे तपासून लाल आणि हिरवे रंगवले: लाल म्हणजे पिऊ नका. तोवर लोक ते पाणी वर्षानुवर्षं प्यायले होते.

आपल्या हापशाच्या पाण्यात आर्सेनिक नाही. पुढच्या मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या, लिटरमागे: फ्लोराइड ०.८, मर्यादा १.५ मिलिग्रॅम. नायट्रेट ३८, मर्यादा ५०. सगळं मर्यादेत. तिन्ही आकड्यांपुढे बरोबरची खूण करून कागद फायलीत लावला.

२३ फेब्रुवारी

हापशाच्या पाण्याच्या तीन एचटूएस बाटल्या, म्हणजे जंतू तपासायच्या बाटल्या, लावल्या होत्या. ४८ तास झाले, तिन्ही स्वच्छ. ही बाटली वस्तीवरच्या कामाला फार उपयोगी पडते. आतल्या कागदावर औषध असतं, पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. मैल्याबरोबर येणारे जंतू असले की पाणी काळं होतं. नेमके किती जंतू ते ती सांगत नाही. पण काळी बाटली समजायला अक्षरओळख लागत नाही, आणि तीच तिची ताकद आहे.

२ ते ५ मार्च

या चार दिवसांची नोंद सविस्तर लिहिते.

२० घरांतून पिण्याचं पाणी घेतलं. हापशावरचं नाही, माठातलं. म्हणजे घरातलं माणूस ज्या भांड्याने, ज्या हाताने पाणी घेतं, तसंच मला द्या असं सांगून. तिसऱ्या दिवशी २० पैकी १३ बाटल्या काळ्या झाल्या.

हापशाचं पाणी स्वच्छ होतं. तेच पाणी, त्याच दिवशीचं. मग वाटेत काय झालं ते शोधायला पुन्हा घरोघरी गेले आणि या वेळी फक्त बघत बसले. एका घरी कळशी हापशावरच मातीने घासली, आतून हात फिरवून विसळली. तो हात त्याआधी बाळाला धुवून आला होता. दुसऱ्या घरी माठाला झाकण होतं, पण पाणी घ्यायला पेला आत बुडवला, बोटांसकट. तिसऱ्या घरी ओगराळं होतं, लांब दांड्याचं, अगदी योग्य. ते जमिनीवर ठेवलेलं, आणि तिथून कोंबडी गेली. ज्या सात बाटल्या स्वच्छ राहिल्या त्यांतल्या पाच घरी ओगराळं भिंतीला टांगलेलं होतं किंवा पिंपाला तोटी होती. यापेक्षा वेगळं काही त्या घरांत मला दिसलं नाही. ती घरं जास्त शिकलेली नाहीत, जास्त पैशांचीही नाहीत.

काळ्या बाटल्या घरोघर परत नेऊन दाखवल्या. दाखवावं की नाही यावर आमच्यात वाद झाला, कारण बायकांना आपल्याच घराची लाज वाटेल अशी भीती होती. म्हणून सगळ्या बाटल्या, माझ्या स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी भरलेली धरून, एका फळीवर एकत्र मांडल्या. कुणाची कुठली ते सांगितलं नाही. माझीही काळी झाली होती. त्यावर फार बोलावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन घरी खिळा ठोकून ओगराळं टांगलेलं होतं.

१९ मार्च

क्लोरिन सुरू केलं. ब्लिचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण एक तृतीयांश उपयोगी क्लोरिन असतं. उघडी राहिली, उन्हात किंवा ओलीत पडली, की ते उडत जातं आणि पिशवीत नुसता चुना उरतो. म्हणून ‘चमचाभर टाका’ हा सल्ला धोक्याचा आहे. आम्ही एका लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी पावडर कालवून, गाळ बसू देऊन, वरची निवळ काळ्या डब्यात भरतो. हे साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं. २० लिटरच्या पिंपाला त्याचे ४ मिलिलिटर, मग अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासाने थोड्या पाण्यात क्लोरिन तपासायची डीपीडीची गोळी टाकून गुलाबी रंग बघायचा: लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरिन शिल्लक दिसलं म्हणजे मात्रा बरोबर. घरात साठवलेल्या पाण्यात ते ०.२ च्या खाली जाऊ नये.

वासाची तक्रार पहिल्याच दिवशी आली. तक्रार खरी आहे. आधी मात्रा कमी करून पाहिली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच शिल्लक राहीना. मग रात्री भरून सकाळी प्यायचं असं ठरलं. रात्रभरात वास बराच बसतो. एक मर्यादा ताईंना मुद्दाम सांगितली: क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू एवढ्या क्लोरिनला दाद देत नाहीत, म्हणून तान्ह्या बाळांसाठी आणि आजारी माणसासाठी पाणी उकळायचंच.

१४ एप्रिल

लहान मुलांच्या शीबद्दल बैठक घेतली. हा विषय काढायला मीच टाळाटाळ करत होते.

बाळाची शी घाण नसते, हा समज जवळपास प्रत्येक घरी आहे. दुपटी धुतलेलं पाणी अंगणात ओततात, शी कचऱ्यात जाते. खरं तर जंतूंच्या दृष्टीने लहान मुलाची शी मोठ्या माणसाच्या मैल्यापेक्षा कमी धोक्याची नसते, उलट जुलाब त्यांनाच जास्त होतात. मी लंडनची हकिगत सांगितली. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीने दहा दिवसांत ५०० हून जास्त माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी पाण्यावर बोट ठेवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. गोष्ट बहुतेक वेळा इथे थांबते. पण पुढचा शोध हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने लावला, आणि त्याला सुरुवातीला स्नोंचं म्हणणं पटलेलंच नव्हतं. पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरात साथ पेटण्याआधी एक तान्हं बाळ जुलाबाने आजारी पडलं होतं. आईने दुपट्यांचं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. नंतर खणून पाहिलं तेव्हा तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत निघाला आणि मधल्या विटा कुजलेल्या.

एका बाईने विचारलं, “त्या आईचं पुढं काय झालं?” तिला किती दोष दिला असेल लोकांनी, असं तिला म्हणायचं होतं. ते कुणाला माहीत असतं तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणाले. मग ती म्हणाली, “खड्डा कुठं खणायचा हे तिनं नव्हतं ठरवलं.”

३० एप्रिल

घरातल्या पाण्याची दुसरी फेरी: २० पैकी ५ काळ्या. तोट्या बसवलेली पिंपं आता १४ घरी.

११ जून

पहिला मोठा पाऊस. हापशाच्या ओट्याभोवती गुडघ्याखाली पाणी साचलं.

१३ जून

हापशाच्या तीनपैकी तिन्ही बाटल्या काळ्या. एकवीस तासांतच.

पुन्हा लावल्या. हात, तोटी, बाटली सगळं तपासून.

१४ जून

पुन्हा काळ्या. दोन मुलांना जुलाब, एकाला कालपासून. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, धाकट्याला दवाखान्यात नेलं. आता तो बरा आहे.

समितीत एकच प्रश्न: दांडा काढायचा का? एप्रिलमधली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात होती. माझं मन तिकडेच झुकत होतं. ताई म्हणाल्या, “दांडा काढला की माणसं ओढ्यावर जातील. पावसाचं पहिलं पाणी वस्तीतनं सगळं धुऊन तिथंच गेलंय.” त्यांचं बरोबर होतं. स्वतः स्नो यांनीही नंतर लिहून ठेवलंय की दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरत होती, लोक पळून गेले होते. इथे पळून जायला दुसरं पाणी नाही.

मग हापशावरच माणूस बसवायचं ठरलं. पहाटे पाच ते आठ, दुपारी चार ते सहा. येणाऱ्या प्रत्येक भांड्यात सुईविना सिरिंजने द्रावण: १५ लिटरच्या कळशीला ३ मिलिलिटर, २० लिटरला ४. घरी नेऊन अर्धा तास ठेवायचं. सहा बायका आणि दोन पुरुष पाळीने बसायला तयार झाले. पहिली पाळी ताईंचीच.

१८ जून

ओट्याला दोन भेगा होत्या, त्या फोडून नव्याने काँक्रीट भरलं. सांडपाण्याची नाली लांबवून खाली नेली. गुरांसाठी कुंपण घातलं. हापशाला एकदा जास्त मात्रेने क्लोरिन देऊन रात्रभर बंद ठेवला, सकाळी वास जाईपर्यंत उपसला. बाटल्या स्वच्छ. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही.

२६ जून

२४ ला जोराचा पाऊस. आज बाटल्या काळ्या.

२८ जून

ओटा नीट, नाली नीट, कुंपण नीट. मग घाण येते कुठून?

आज फायली पुन्हा उघडल्या. ३८ नायट्रेट. फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत. वस्तीच्या वरच्या अंगाला शेतीच नाही, खत घालायला कुणाकडे जमीन नाही. मग जमिनीतल्या पाण्यात ३८ मिलिग्रॅम नायट्रेट कुठून यावं? हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. ५० च्या खाली आहे म्हणून खूण केली आणि पुढे गेले. मर्यादा ही पिणाऱ्यासाठी असते. शोधणाऱ्याला तो आकडा वेगळं काही सांगत असतो. मूत्रातला नत्र जमिनीत मुरला की त्याचाच नायट्रेट होतो.

टेप घेऊन वर चढले. हापशापासून अकरा मीटरवर, थेट वरच्या बाजूला, एका आजींचं घर आहे आणि घरामागे शौचालयाचा खड्डा. दोन वर्षांपूर्वी खणलेला. शौचालयाच्या वहीत तो आहे, व्यवस्थित नोंदलेला: खोली, रुंदी, फरशी, दार. हापशापासूनचं अंतर हा रकाना त्या वहीत नाही. आणि आमच्या वहीत शौचालयांचा रकाना नाही.

खड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत ३० मीटर अंतर ठेवावं आणि खड्ड्याचा तळ भूजलापासून किमान दीड मीटर वर असावा, हे दोन्ही वह्या लिहिणाऱ्यांना पाठ आहे. तेही मऊ, बारीक मातीत, जिथे पाणी मुरताना गाळलं जातं आणि जंतू वाटेत मरतात. इथे हातभर मातीखाली भेगाळलेला खडक आहे. भेगेतून पाणी गाळलं जात नाही, नुसतं वाहतं.

सहकाऱ्याशी रात्री बोलले. दोघांनीही एकमेकांना दोष दिला नाही. उद्यापासून वही एकच.

३ जुलै

अंदाजावर आजींचं शौचालय बंद करायचं नाही, असं मी आग्रहाने सांगितलं होतं. आधी पुरावा हवा. म्हणून मिठाची चाचणी. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज जास्त सहज वाहते, आणि ते मोजायचं यंत्र खिशात मावतं. आजींची परवानगी घेऊन, वस्तीला आदल्या दिवशी कल्पना देऊन, सकाळी सातला २५ किलो मीठ पाण्यात विरघळवून खड्ड्यात ओतलं. हापसा नेहमीसारखा चालू. दर अर्ध्या तासाला मोजणी. दिवसभर पाऊस नव्हता, म्हणजे दुसऱ्या कशाने आकडा हलायला नको.

सकाळी सात: ६४० मायक्रोसिमेन्स.
दहा: ६४०.
बारा: ६५५.
दुपारी दोन: ७१०.
संध्याकाळी पाच: ७६०.

बाराच्या आकड्यावर मी यंत्र तीनदा पुसून पुन्हा मोजलं. दोनला शंका उरली नाही. पाच तासांत, अकरा मीटर.

ताई शेजारी बसून आकडे लिहीत होत्या. शेवटचा आकडा लिहून त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ आजींच्या घराकडे बघत राहिल्या. आजी त्यांच्या नात्यातल्या नाहीत, पण त्यांच्या पोरांना त्यांनीच सांभाळलंय.

५ जुलै

आजींकडे गेलो. आकडे दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दोन वर्षांमागं तुमच्यातलाच एक जण आला होता. उघड्यावर जाऊ नका म्हणाला, म्हणून मी खड्डा खणवला. आता खड्डा नको म्हणता.”

मी वस्तीच्या खालच्या टोकाला जागा सुचवली. तिथे माती खोल आहे, हापसा वर राहतो. आजी उठल्या आणि म्हणाल्या, “चला, दाखवते.” दारापासून त्या जागेपर्यंत मी त्यांच्या बरोबर चालले. पंच्याहत्तरीच्या पुढचं वय, एक गुडघा वाकत नाही. जायला अकरा मिनिटं लागली. “रात्री तीनदा उठावं लागतं मला,” एवढंच बोलल्या.

जगात २०२२ मध्ये अजून ४१.९ कोटी माणसं उघड्यावर शौचाला जात होती, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त मोजणीत आहे. आम्ही आजींना खालची जागा दिली असती तर कागदावर त्या शौचालय असलेल्यांत राहिल्या असत्या आणि रोज रात्री घरामागे गेल्या असत्या. पुन्हा त्याच हापशाच्या वर.

१२ जुलै

तीन पर्याय मांडले होते.

दोन शोषखड्ड्यांचं शौचालय, एक भरला की दुसरा वापरायचा: चांगलं तंत्र आहे, पण मातीत. या खडकात खड्डा कुठेही घ्या, भेगा तिथेही आहेत. बाद.

भांडं आजींच्या घराशीच ठेवून मैला पाइपने लांब नेणं: दीड-दोन लिटर पाण्याने मैला तीस मीटर ढकलला जात नाही, पाइप तुंबतो आणि तुंबलेला पाइप काढायला कुणी येत नाही. बाद.

तिसरा: जमिनीत काही जाऊच द्यायचं नाही. जमिनीच्या वर, पाणी न झिरपणाऱ्या दोन टाक्या शेजारी शेजारी. एकावेळी एकच वापरायची, प्रत्येक वापरानंतर चुलीची राख टाकायची, भरली की बंद करून दुसरी उघडायची. राखेने आम्लता मोडते, ओल कमी होते, जंतू मरतात. जंताची अंडी सगळ्यात चिवट, ती वर्षभर बंद ठेवल्याशिवाय मरत नाहीत, म्हणून उष्ण हवेतही आम्ही निदान एक वर्ष धरलं आहे. धुण्याचं पाणी या टाकीत जाता कामा नये. ते वेगळ्या जागी, वेगळ्या नळीने, घराच्या पलीकडच्या बाजूला, हापशाकडे पाठ असलेल्या उतारावर झाडांच्या वाफ्यात.

अडचण एकच होती: टाक्या जमिनीच्या वर म्हणजे शौचालय उंचावर, म्हणजे पाच पायऱ्या, आणि आजींचा गुडघा. मी अर्धा दिवस यावर अडले. उपाय गवंडीकाकांनी दिला. ते घराभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “उतार आहे की. दार वरनं काढा.” वरच्या अंगाने आत शिरलं तर पायरी लागतच नाही. टाक्यांची दारं खालच्या अंगाला उघडतात. मी कागदावर सपाट जमीन काढून बसले होते.

२ ऑगस्ट

टाक्यांचं बांधकाम पूर्ण. आतून गिलावा दोनदा. पाणी भरून तीन दिवस ठेवलं, खूण करून: पातळी उतरली नाही. मधला आठवडा पावसात गेला.

आजींनी बसून पाहिलं आणि उठता येत नाही म्हणाल्या. भिंतीत लोखंडी दांडा बसवला, उजव्या हाताला. मग तो दोन बोटं खाली घेतला.

९ ऑगस्ट

जुना खड्डा बंद केला. चुना, माती, वरून दाबून, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून उंचवटा. सहकारी दिवसभर बरोबर होता. आत जे आहे ते आहेच: जंतू हळूहळू मरतील, नायट्रेट मात्र बराच काळ पाण्यात येत राहील. वस्तीला हे स्पष्ट सांगितलं. खड्डा बुजवला म्हणजे उद्यापासून पाणी स्वच्छ, असा निरोप फिरायला लागला होता, तो थांबवला. हापशावरची पाळी चालू.

२३ ऑगस्ट

आजींच्या राखेच्या डब्याला झाकण नव्हतं, राख भिजत होती. दिलं. शेजारच्या दोघीजणी आत जाऊन बघून आल्या. वास येत नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं. कोरडा मैला आणि ओला मैला यांतला तो फरक आहे.

पाळीवरच्या दोघांचं येणं बंद झालंय, कामाचे दिवस आहेत. ताईंनी त्यांच्या जागी दोन मोठ्या मुलींना शिकवलं. शाळेच्या वेळेआधी उठून मुलींनीच पाणी भरायचं आणि मुलींनीच पाणी राखायचं, हे मला पटलं नाही. बैठकीत तसं बोलले. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या दोन पाळ्या वडिलांकडे.

२० सप्टेंबर

१७ ला मोठा पाऊस झाला. जूनमधल्याइतकाच. बाटल्या मी लावल्या नाहीत, ताईंनी लावल्या, चार. मी फक्त वाचल्या.

तीन स्वच्छ. चौथी ४० तासांनी कडेला काळसर.

क्लोरिन चालू ठेवायचं. पुढची तपासणी पुढच्या मोठ्या पावसानंतर ४८ तासांच्या आत, नायट्रेट डिसेंबरमध्ये. वायसर बदलून सात महिने झाले: गळतीची चाचणी ताईंनी घेतली, पाच हापसे. सुटे वायसर त्यांच्याकडे दोन संच. आजींच्या पहिल्या टाकीच्या दारावर सुरू केल्याची तारीख रंगवली, बंद करण्याच्या तारखेसाठी खाली जागा सोडली.

निघताना आजींनी हाक मारली. वरच्या अंगाच्या दोन घरांनीही शौचालयासाठी खणायला घेतलंय, कंबरेपर्यंत गेलेत, म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, ते खणताहेत हे वहीत लिहायला कुणी सांगितलं का तुम्हाला? “वहीचं मला काय माहीत,” त्या म्हणाल्या, “हापसा खाली आहे.”

उद्या सकाळी टेप घेऊन आधी तिकडे. गवंडीकाकांना बरोबर.